ओठ सांधला, पुढे काय?

दुभंगलेले ओठ व टाळू : शस्त्रक्रिया मोफत, वाट मात्र लांबची

जगात सरासरी ७०० जन्मांमागे एक बालक दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू घेऊन जन्मास येते, असे वैद्यकशास्त्र सांगते. प्रदेशाप्रदेशांत हे प्रमाण थोडे कमी-अधिक होते. पण हाच आकडा धरून आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या वर आहे. हजारी १५ जन्म हे ढोबळ प्रमाण धरले, तर वर्षाला साधारण ६७ हजार बालके जन्मतात. त्यांस ७०० ने भागले की उत्तर येते ९५ च्या आसपास. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही त्याचा अर्थ असा, की या जिल्ह्यात दर चार दिवसांनी एका घरात बाळ जन्मल्याच्या आनंदावर एकदम शांतता पसरते.

त्या शांततेत पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. ग्रहणात काय चिरलेस? सुरी कशाला हातात धरलीस? शिकल्यासवरल्या घरांतूनही हा प्रश्न अजून गेलेला नाही. वस्तुस्थिती अशी, की गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी जुळून येते. अनेक स्त्रियांना तोवर आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते. ही जुळणी अपुरी राहिली की फट उरते. त्यामागे आनुवंशिकता, फॉलिक अॅसिडची कमतरता, तंबाखू व धूम्रपान, फिट्सवरील काही औषधे अशी अनेक कारणे असू शकतात आणि पुष्कळदा कोणतेच एक कारण सापडत नाही. ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. आईचा दोष तर मुळीच नाही.

पहिली लढाई दुधाची

येथे टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावर तेल भरतो ती नव्हे. तोंडाचे आतले छत, नाक व तोंड यांच्यामधील पडदा. हा पडदा उघडा असला की बाळाला ओढून दूध पिता येत नाही, कारण तोंडात पोकळी धरून ठेवता येत नाही. दूध नाकावाटे बाहेर येते, बाळ ठसकते, दमते आणि अर्धपोटी झोपते. आईला वाटते, दूध अंगावर येत नाही. आजीला वाटते, बाळ जगायचे नाही. वास्तविक दूध असते, ते पोटापर्यंत पोहोचत नाही एवढेच.

यावरचा उपाय आपल्या आजीच्या काळापासून माजघरात आहे. आईचे दूध काढून ते वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने, बाळाचे डोके उंच धरून, थोडे थोडे पाजायचे आणि मधूनमधून ढेकर काढायची. बोंडले व वाटी प्रत्येक वेळी उकळून घ्यायची. दर आठवड्याला वजन पाहायचे. एवढे कोणी पहिल्या दोन दिवसांत शांतपणे शिकवले, तर पुष्कळशी बाळे सावरतात. शिकवले नाही, तर त्यांची उपासमार सुरू होते आणि पुढच्या सगळ्या उपचारांचा पाया तिथेच खचतो.

तो कसा खचतो, हे शस्त्रक्रियेच्या एका जुन्या आडाख्यावरून कळते. ओठाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी बाळाचे वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम असावे, असा हा ‘दहाचा नियम’ आहे. भूल सुरक्षितपणे देता यावी म्हणून ही खबरदारी. ज्या बाळाच्या पोटात दूध गेले नाही ते या कसोटीला उतरत नाही. आईबाप लांबून येतात, बाळ तपासले जाते आणि ‘वजन वाढवून आणा’ असे सांगून परत पाठवले जाते. असे परत गेलेले सर्वजण पुन्हा येतातच असे नाही.

एक नव्हे, अनेक टप्पे

सर्वसामान्य समजूत अशी, की ओठ शिवला म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात ती सुरुवात असते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. टाळू दुभंगलेली असल्यास तिची शस्त्रक्रिया नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल नीट बोलू लागण्यापूर्वी व्हावी लागते. या मुलांच्या कानात द्रव साठून ऐकू कमी येण्याचा संभव असतो. म्हणून कानांची तपासणी आवश्यक. नंतर वाचा-उपचार. हिरडीत फट असेल तर आठ-दहा वर्षांच्या सुमारास तेथे हाड भरावे लागते. दातांच्या तारा त्याच्या मागेपुढे. काहींच्या जबड्याची शस्त्रक्रिया वाढ पुरी झाल्यावर, सतरा-अठराव्या वर्षी. प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य, वाचा-उपचारतज्ज्ञ अशा अनेकांचे हात एका चेहऱ्याला लागतात.

टाळूच्या शस्त्रक्रियेस उशीर झाला तर काय होते, हे एका साध्या शब्दावरून समजेल. ‘प’, ‘ब’ यांसारखी व्यंजने उच्चारताना तोंडात हवा दाबून धरावी लागते. टाळू उघडी असली की ती हवा नाकातून निसटते आणि ‘ब’ चा ‘म’ होतो. मूल ‘बाबा’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येते. घरचे हसतात, शाळेत गेल्यावर वर्ग हसतो. पाच-सहा वर्षांनी टाळू शिवली तरी जिभेला लागलेली सवय आपोआप सुटत नाही. मग बुद्धी शाबूत असलेले मूल मुके राहणे पसंत करते, मागच्या बाकावर बसते आणि एके दिवशी शाळा सोडते.

समाजाने उचललेला वाटा

या दुःखाकडे जैन समाजाने पाठ फिरवलेली नाही, हे अभिमानाने सांगता येते. अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८ पासून भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. पुढे मोटार अपघाताने त्यांच्या शरीराची एक बाजू अधू झाली, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गेले, हृदयविकाराचे झटके आले. चाकांच्या खुर्चीत बसून, यंत्राच्या साहाय्याने बोलत, ते शस्त्रक्रिया करीत राहिले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण घेऊन आलेल्या हजारो मुलामाणसांना त्यांनी विनामूल्य नवा चेहरा दिला. २००१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याचा स्वतःचा आवाज गेला होता, त्याने इतरांच्या ओठांची चिंता वाहिली.

त्यांच्या शिबिरांना हात देणाऱ्यांत भारतीय जैन संघटना आघाडीवर होती. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणणाऱ्या या संघटनेने डॉ. दीक्षितांच्या पश्चातही त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ अमेरिकेतील शल्यविशारदांच्या साह्याने ही शिबिरे चालू ठेवली. नोंदणी, रुग्णांची ने-आण, नातेवाइकांचे भोजन, रात्रीची सोय ही कामे दुकान बंद ठेवून आलेल्या श्रावक-श्राविकांनी केली.

खुद्द आपल्या जिल्ह्याला तर या सेवाभावाचे अधिष्ठानच लाभले आहे. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज २८ मार्च १९९२ रोजी नगरमध्ये देवलोकवासी झाले. त्यांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने नगरमध्ये उभारलेले आनंदऋषीजी हॉस्पिटल आज जातिधर्म न पाहता रुग्णसेवा करीत आहे. निरनिराळ्या आजारांची मोफत वा अल्पदरातील शिबिरे ही त्याची ओळख बनली आहे.

पैसा आहे, मग अडते कोठे?

शस्त्रक्रियेच्या खर्चाची अडचण गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळच हलकी झाली. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्माईल ट्रेन’ या संस्थेने परदेशी डॉक्टर पाठवण्याऐवजी स्थानिक रुग्णालयांशी करार करून तेथील डॉक्टरांना प्रशिक्षण व शस्त्रक्रियेचा खर्च देण्याचा मार्ग धरला. भारतात या मार्गाने लाखो मोफत शस्त्रक्रिया झाल्या. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर भागातल्या पिंकी या चिमुरडीची वाराणसीत झालेली अशीच शस्त्रक्रिया ‘स्माईल पिंकी’ या लघुपटात दिसते. २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

शासनाचीही व्यवस्था आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून उपचारांस पाठवायच्या दोषांत दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. या योजनेत फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. त्याआधीही बाळाच्या जन्मानंतर पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्ती ठरावीक दिवशी घरी भेट देते. म्हणजे बाळ दृष्टीआड राहण्याचे कारण नाही.

तरीही मोठ्या वयाची, ओठ न शिवलेली मुले बाजाराच्या दिवशी दिसतात. ओठ शिवलेली पण टाळू उघडीच राहिलेली मुले तर सहजी दिसतही नाहीत. ती फक्त ऐकू येतात. याचे उत्तर रुग्णालयात नाही, रस्त्यात आहे.

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा, चौदा तालुके. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरहून लांब. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची आदिवासी वाडी त्याहून पलीकडे. तपासणीसाठी एक, रक्त-लघवीसाठी एक, भरतीसाठी एक, टाके व जखम पाहण्यासाठी आणखी एक अशा फेऱ्या धरल्या, तर मोफत शस्त्रक्रियेचा खर्च मोलमजुरी करणाऱ्या घराला किती पडतो याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याने मनातल्या मनात करावा. गाडीभाडे, दोन माणसांची बुडालेली मजुरी, बाहेरचे जेवण, घरी मागे राहिलेली धाकटी मुले आणि शेरडे. रुग्णालयाच्या बिलात यातले काहीच लिहिलेले नसते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोड कामगारांची अडचण वेगळीच. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होऊन कारखान्याच्या कोप्यांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक खाडा झाला तरी तो उचलीतून कापला जातो. परदेशस्थ डॉक्टर सहसा थंडीच्या दिवसांत, सुट्टी काढून येतात. म्हणजे शिबिराचा मांडव पडतो तेव्हा ज्यांच्यासाठी तो पडला त्यांतले कित्येक जण परजिल्ह्यातल्या उसाच्या फडात असतात. पुढच्या वर्षीही तेच. बाळाचे वय मात्र थांबत नाही. टाळू सांधण्याचे योग्य महिने एका गळीत हंगामात निघून जातात.

शिबिराची मर्यादाही येथेच दिसते. ओठाची शस्त्रक्रिया तुलनेने आटोपशीर. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर बाळावर अधिक लक्ष ठेवावे लागते आणि वाचा-उपचार तर महिनोन्महिने चालतात. दोन-चार दिवसांच्या शिबिरात चेहऱ्यावरची खूण मिटते आणि फोटोही छान येतात. परंतु पुढील सतरा वर्षे त्या मुलाचे नाव कोणाच्या वहीत आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

जामखेडचा धडा

याच जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या शतकापूर्वी दिले गेले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मोठी इमारत बांधून रुग्णांची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी खेड्यातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाई कोण, कोणाचे मूल वाळत चालले आहे, कोणाला दवाखान्यात न्यायला हवे, हे त्या स्त्रियांना ठाऊक असे. बालमृत्यू व कुपोषण घटले, जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धडा एवढाच, की उपचार आणि रुग्ण यांच्यामध्ये ओळखीचे माणूस उभे असावे लागते.

असे ओळखीचे माणूस तालुक्याच्या पेठेत पिढ्यान्पिढ्या बसलेले आहे. किराणा, कापड, आडत, औषधे यांची दुकाने चालवणाऱ्या जैन कुटुंबांकडे आसपासच्या वीस गावांची ये-जा असते. राजूर असो, काष्टी असो वा घोडेगाव, आठवडे बाजाराला आलेले घर व्यापाऱ्याला नावानिशी माहीत असते. त्यांच्या लेकीचे लग्न कधी, पीक कसे, उधारी किती, हे सारे चोपड्यात असते. कोणाच्या घरी बाळ ‘असे’ जन्मले आहे, ही वार्ताही त्याच ओट्यावर प्रथम येते.

तेव्हा देणगीची पावती फाडण्याबरोबर समाजाने आणखी एक गोष्ट करावी. प्रत्येक तालुक्याच्या संघाने अशा मुलांसाठी एक वही ठेवावी. एका मुलाला एक पान. पानावर जन्मतारीख, गाव, पालकांचा फोन, हंगामात ते कोणत्या कारखान्यावर जातात, वजन किती, ओठाची शस्त्रक्रिया कधी, टाळूची कधी, कान तपासले का, वाचा-उपचार सुरू झाले का, शाळेत घातले का, दातांना तारा कधी. ही माहिती पालकांच्या संमतीने आणि गोपनीय ठेवावी. कर्जखात्याचा हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी फोन जातो. तसाच फोन टाळूच्या शस्त्रक्रियेचा महिना चुकला की जावा. फरक इतकाच, की येथे वसुली करायची नाही, पोहोचवायचे आहे.

पैशाचाही ओघ थोडा वळवावा लागेल. शस्त्रक्रियेसाठी निधी मिळतो. गाडीभाड्यासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी, आईबरोबर राहणाऱ्या आजीच्या जेवणासाठी सहसा मिळत नाही. रक्कम लहान असते, पण तीच अडते. लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच संस्थेचे दंत महाविद्यालयही. नगरला जिल्हा रुग्णालय आहे, आनंदऋषीजी हॉस्पिटल आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर चहूबाजूंनी हाकेच्या अंतरावर आहेत. कोणत्या मुलाला, कोणत्या टप्प्यावर, कोठे न्यायचे हे तेथील तज्ज्ञांना विचारून एकदा नीट लिहून काढले की स्वयंसेवकाला दर वेळी चाचपडावे लागत नाही. वाचा-उपचाराचा सराव आता व्हिडिओ कॉलवरूनही घेता येतो. आठवड्यातून एकदा दुकानाच्या मागल्या खोलीत, चांगल्या नेटवर्कचा फोन समोर ठेवून एखाद्या मुलाला अर्धा तास ‘पापा, बाबा’ म्हणायला बसवणे, हे काम घरातली सूनबाई किंवा कॉलेजात जाणारा मुलगा सहज करू शकेल.

आपल्याही घरात

हा दोष घरची तिजोरी पाहून येत नाही. सुखवस्तू घरांतही ही मुले जन्मतात आणि तेथे उपचार वेळेवर होतात, हे खरे. पण लपवाछपवीही तेथेच अधिक होते. बारशाला फोटो काढायचा नाही, मुलगी असेल तर तिच्या बायोडाटात शब्द नको, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण नको. शस्त्रक्रियेने ओठावरची रेघ पुसट होते. घरच्यांनी धरलेली लाज मात्र त्या मुलीच्या मनावर गडद होत जाते. उत्तम शिकलेल्या, दुकानाचा सगळा हिशेब सांभाळणाऱ्या मुलीला ओठावरच्या एका बारीक व्रणापायी स्थळे परत जात असतील, तर मांडवात जमा झालेल्या देणगीचा पुण्यांश तपासून पाहावा लागेल. आनुवंशिकतेची शंका असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा; लाखो घरांत अशा मुली संसार सुखाने करीत आहेत.

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. दुभंगलेल्या ओठांच्या बालकाला ही चारही दाने लागतात, आणि क्रमाने लागतात. पहिल्या आठवड्यात बोंडल्याने पोटात जाणारे दूध हे आहारदान. पहिल्या-दुसऱ्या वर्षी ओठ आणि टाळू सांधणारी शस्त्रक्रिया हे औषधदान. शुद्ध वाणी आणि शाळा हे ज्ञानदान. आणि आरशासमोर, वर्गासमोर, वरपक्षासमोर मान वर करून उभे राहण्याचे बळ हे अभयदान. समाजाने आजवर दुसरे दान मोठ्या मनाने केले आहे. उरलेल्या तिन्हींना पैसा कमी आणि माणूस अधिक लागतो.

येत्या चातुर्मासात तपस्येचे संकल्प होतील, बोल्या बोलल्या जातील. त्याच सभेत तालुक्याच्या संघाने एक कोरी वही उघडावी आणि आशा कार्यकर्तीला चहाला बोलावून विचारावे, आपल्या भागात अशी मुले किती आहेत? पहिल्या पानावर पहिले नाव लिहिले की काम सुरू झाले.